रोजच्या जगण्यात ख्रिस्ती विश्वास धीटपणे जगायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

पहाटपाखरू

जय ख्रिस्त मंडळी.

"धैर्याने साक्ष द्या" हे आपण उपासनेत नेहमी ऐकतो. ऐकताना डोळ्यांपुढे येतात ती सगळी मोठी चित्रं: सिंहांची गुहा, अग्नीची भट्टी, रोमन आखाडा. माझ्यासमोर सिंह नाहीत. माझ्यासमोर हजेरीपट आहे, मीटिंगा आहेत, नातेवाइकांचा व्हॉट्सॅप गट आहे, आणि जेवणाच्या सुट्टीत रोज कुणा गैरहजर माणसाची सोलवटून चर्चा करणारं टेबल आहे. माझ्या विश्वासाची परीक्षा होते ती इथे.

मला असं दिसतं की आपण दोन सोप्या वाटा शोधल्या आहेत. काही जण म्हणतात, "माझं जीवन हीच माझी साक्ष", आणि जन्मभर तोंडातून येशूचं नाव काढत नाहीत. काही जण रोज सकाळी पन्नास जणांना वचन फॉरवर्ड करतात आणि साक्ष दिली असं समजतात. दोन्हींत काहीच गमवावं लागत नाही. माझं मत असं, की जिथे आपलं काहीतरी जाऊ शकतं (पैसा, बढती, मैत्री, लोकांच्या नजरेतली किंमत) आणि तरी आपण प्रभूच्या बाजूने उभे राहतो, तिथेच धैर्य या गोष्टीला अर्थ येतो.

तुमचे अनुभव वाचायचे आहेत. कामावर, घरात, मित्रांत, नक्की काय केलंत, काय बोललात, पुढे काय झालं? ठरावीक उपदेश नकोत, तपशील हवेत.

टिपकागद

चांगला विषय. वाचतोय.

दीपस्तंभ

पहाटपाखरूताई, धागा आवडला, पण "जीवन हीच साक्ष" वाल्यांना तुम्ही थोडक्यात सोडलंत. मी जरा पुढे जातो.

प्रामाणिक, कष्टाळू, दयाळू माणसं सगळ्या धर्मांत आहेत आणि धर्म न मानणाऱ्यांतही आहेत. माझं वागणं चांगलं असलं तर लोक म्हणतील, हा माणूस चांगला आहे. स्तुती माझी होईल. ख्रिस्ताचं नाव त्यांना कसं कळणार? बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या १० व्या अध्यायात प्रेषित पौल हेच विचारतो: ज्याच्याविषयी ऐकलंच नाही त्याच्यावर विश्वास कसा ठेवतील, आणि सांगणाराच नसेल तर ऐकतील कसे?

मी एक नियम पाळतो. नव्या ठिकाणी कामाला लागलो की पहिल्याच आठवड्यात, ओघात, मी ख्रिस्ती आहे आणि रविवारी उपासनेला जातो हे बोलून टाकतो. घोषणा नाही, नुसती माहिती. "रविवारी काय केलंस?" असं कुणी विचारलं की खरं उत्तर द्यायचं. सुरुवातीला सांगितलेलं सोपं जातं. वर्षभर गप्प राहून मग सांगायला गेलं की लोकांना वाटतं, इतके दिवस का लपवलं?

करडईचं फूल

मी हिशेबाच्या कामात आहे, म्हणून तिथलंच सांगते.

एका ठिकाणी मला काही बिलांवर मागची तारीख घालायला सांगितलं गेलं. सांगणारा माणूस वाईट नव्हता, त्याच्यावरही वरून दडपण होतं. मी म्हटलं, "सर, हे माझ्याकडून होणार नाही. उशीर का झाला याची खरी टिपण मी बनवून देते, आणि त्यासाठी आज थांबावं लागलं तरी थांबते." "का?" असं विचारल्यावर मी म्हटलं, "मी ख्रिस्ती आहे, देवासमोर खोटं लिहू शकत नाही." एवढंच. आवाज चढवला नाही, इतर कुणाला जाऊन सांगितलं नाही. मी टिपण दिली. त्यांनी ती वापरली नाही, काम दुसऱ्याकडून करून घेतलं. त्या वर्षी माझी बढती राहिली आणि मला वेगळ्या विभागात टाकलं. पुढे सगळं छान झालं असं काही सांगण्यासारखं नाही. बढती गेली ती गेलीच.

मला आधार वाटतो तो जॉन वूलमनचा. अठराव्या शतकातला, अमेरिकेतल्या न्यू जर्सीतला क्वेकर (साध्या राहणीचा एक ख्रिस्ती पंथ). तरुणपणी एका दुकानात कामाला असताना मालकाने त्याला एका गुलाम स्त्रीच्या विक्रीचा कागद लिहायला सांगितला. त्याने लिहिला, पण मालक आणि विकत घेणारा दोघांसमोर बोलून दाखवलं की गुलाम ठेवणं ख्रिस्ती धर्माशी जुळत नाही असं त्याला वाटतं. ती टोचणी त्याच्या मनातून गेली नाही. नंतर शेजारी मृत्युपत्र लिहून घ्यायला आले की गुलाम कुणाच्या नावे करायचे तो भाग लिहायला तो नकार द्यायचा. मोबदला जायचा, लोक नाराज व्हायचे. पण तो त्यांच्याशी प्रेमाने बोलत राहायचा, आणि त्यातल्या काहींनी माणसं मुक्त केली. वूलमन १७७२ मध्ये वारला. १७७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या क्वेकर सभेने ठरवलं की सभासदांनी गुलाम ठेवायचे नाहीत. निर्णय बघायला तो नव्हता.

आखाडा नाही, सिंह नाहीत. एक माणूस, एक कागद, आणि "हे मी लिहिणार नाही" असं सौम्यपणे म्हणणं. मला हे अगदी ओळखीचं वाटतं.

सायलीफूल

करडई, "त्या वर्षी माझी बढती राहिली" हे वाचून थांबले. साक्षीच्या सभांमध्ये आपण नेहमी पुढे मोठं यश मिळाल्याच्याच गोष्टी सांगतो. तुमच्यासारख्या गोष्टी जास्त सांगायला हव्यात.

मुक्तछंद

मी ख्रिस्ती नाही. या संकेतस्थळावर जुना सभासद आहे, धागा वाचून राहवलं नाही. चालणार नसेल तर सांगा.

माझ्या ओळखीत दोन ख्रिस्ती सहकारी होते. एक जण न विचारता माझ्या टेबलावर पत्रकं ठेवायचा. बोलायला गेलं की कुठल्याही विषयावरून तिथेच यायचा. मी त्याला टाळू लागलो. दुसरा बरीच वर्षं शेजारी बसत होता. माझे वडील अतिदक्षता विभागात होते तेव्हा त्याने विचारलं, "मी त्यांच्यासाठी प्रार्थना केली तर तुम्हाला चालेल का?" आणि माझं उत्तर येईपर्यंत थांबला. मी हो म्हटलं. तो दोन वाक्यं बोलला, मग रात्री रुग्णालयात माझ्याबरोबर बसायला आला. वडील गेले. त्यानंतरही तो येत राहिला.

तुमच्या धर्माबद्दल मी ज्याला प्रश्न विचारले तो हा दुसरा. माझा तुम्हा सगळ्यांना साधा प्रश्न आहे: धीटपणा आणि हट्ट यांत तुम्ही फरक करता का? कारण बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखे दिसू शकतात.

दीपस्तंभ

मुक्तछंद, तुमचं स्वागतच आहे, आणि वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं.

फरक करतो. पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा असं आहे, आणि लगेच पुढे, ते सौम्यतेने आणि आदराने द्या. दुसरा भाग विसरला की पहिला बिघडतो. पण मला एक सांगा, तुम्ही त्या दुसऱ्या सहकाऱ्याला प्रश्न विचारलेत तेव्हा त्याने शब्दांत उत्तर दिलं की नुसतं हसून विषय बदलला?

मुक्तछंद

शब्दांत दिलं. खूप वेळ बोलला. वधस्तंभ, पुनरुत्थान, सगळं सांगितलं, आणि तो काहीही गुळगुळीत करून सांगत नव्हता. मला पटलं नाही हे मीही स्पष्ट सांगितलं. आमची मैत्री तशीच राहिली.

शुभ्रकिनार

मी रुग्णांची शुश्रूषा करते, त्यामुळे मुक्तछंद यांच्या प्रश्नावर बोलायला हवं.

खाटेवरचा माणूस घाबरलेला असतो आणि त्याला माझी गरज असते. त्याला माझं बोलणं टाळून उठून जाता येत नाही. अशा ठिकाणी मी स्वतःहून धर्माचा विषय काढणं म्हणजे त्याच्या लाचारीचा फायदा घेणं, असं माझं ठाम मत आहे. येशूनेही आंधळ्या बार्तीमयाला विचारलं होतं, "मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे?" आंधळ्याला काय हवं ते उघड होतं, तरी विचारलं. एखाद्याने "सिस्टर, प्रार्थना करा" म्हटलं तर मी करते, हात धरून, लहानशी.

माझ्या कामात धैर्य लागतं ते दुसरीकडेच. औषधाची वेळ चुकलेली असते आणि नोंदवहीत "दिलं" असं लिहून टाका असा इशारा येतो, तेव्हा "दिलेलं नाही, डॉक्टरांना कळवते" असं म्हणायला लागतं. ज्या रुग्णाच्या जवळ कुणी जायला तयार नसतं त्याला आंघोळ घालायला लागते, आणि ती घालताना त्याच्याशी माणसासारखं बोलायला लागतं. मत्तय २५ मध्ये प्रभू ज्या गोष्टींची यादी करतो त्या बघा. भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची भेट, कैद्याची भेट. सगळी पाळीची कामं आहेत.

सायलीफूल

थोडं अवांतर. आमच्या घरी जेवणाआधी प्रार्थना होते. बाहेर जेवायला गेलो की आम्ही मोठी माणसं डोळे न मिटता मनातल्या मनात उरकायचो. आमच्या पाच वर्षांच्या लेकीला हा नियम माहीत नव्हता. तिने भरल्या उपाहारगृहात हात जोडले आणि खणखणीत आवाजात आमच्या जेवणासाठी, वाढणाऱ्या काकांसाठी, त्यांच्या बुटांची नाडी सुटली होती म्हणून ते पडू नयेत यासाठी, आणि शेजारच्या टेबलावरच्या रडणाऱ्या बाळासाठी प्रार्थना केली. "आमेन" शेजारच्या टेबलावरूनही आलं! वाढणाऱ्या काकांनी आधी नाडी बांधली.

टिपकागद

सायलीताई, तिला आमच्या प्रार्थनासभेला पाठवा. मुद्द्याचं मागते आणि वेळेत संपवते. :)

जुनाखडू

मी निवृत्त शिक्षक. मंडळीत बरीच वर्षं बायबल वर्ग घेतला आहे. मुक्तछंद यांचा धीटपणा आणि हट्टाचा प्रश्न फार जुना आहे, आणि मंडळीने त्याला फार पूर्वी तोंड दिलं आहे, म्हणून थोडं विस्ताराने लिहितो.

स्मुर्णाचा बिशप पॉलिकार्प साधारण इ.स. १५५ च्या सुमारास हुतात्मा झाला. ख्रिस्ताला नाकार असं सांगितल्यावर "८६ वर्षं मी त्याची सेवा केली, त्याने माझं काही वाईट केलं नाही" हे त्याचं उत्तर बहुतेकांना माहीत असतं. त्याच वृत्तांतात आणखी दोन गोष्टी आहेत, त्या फारशा सांगितल्या जात नाहीत. एक, क्विंटस नावाचा माणूस स्वतःहून अधिकाऱ्यांपुढे गेला, इतरांनाही पुढे व्हायला लावलं, आणि हिंस्र पशू बघताच त्याचा धीर सुटून त्याने सम्राटाच्या नावाने शपथ घेतली, अर्पण केलं. वृत्तांत लिहिणारे स्पष्ट म्हणतात, जे आपणहून स्वतःला हवाली करतात त्यांची आम्ही स्तुती करत नाही, सुवार्ता तसं शिकवत नाही. दुसरी, पॉलिकार्प मित्रांच्या आग्रहावरून शहराबाहेर मळ्यात जाऊन राहिला होता. पकडायला शिपाई आले तेव्हा मात्र तो पळाला नाही. त्याने त्यांना जेवू घालायला सांगितलं आणि प्रार्थनेसाठी वेळ मागून घेतला. संकट शोधत फिरायचं नाही, आलं तर पाठ फिरवायची नाही, आणि आणणाऱ्याला जेवू घालायचं. तीनही एकाच माणसात.

दानीएलाचंही तसंच. राजाशिवाय कुणाकडेही प्रार्थना करायची नाही असा हुकूम निघाल्यावर त्याने खिडक्या उघडल्या असं आपण सांगतो. सहावा अध्याय नीट वाचा. तो पूर्वीपासून दिवसातून तीन वेळा गुडघे टेकत होता, तेच त्याने चालू ठेवलं. हुकूम निघाला म्हणून वाढवलं नाही, हुकूम निघाला म्हणून थांबवलं नाही. आणि पहिल्या अध्यायात राजाच्या अन्नाचा प्रश्न आला तेव्हा हाच दानीएल अधिकाऱ्याला विनंती करतो, दहा दिवस पारख करून बघा म्हणतो. त्या अधिकाऱ्याची मान अडकू नये याचीही काळजी घेतो. करडई यांनी "टिपण बनवून देते" म्हटलं, ते याच जातीचं.

पहाटपाखरू यांच्या सोमवारच्या जगण्याबद्दल एक गोष्ट. इ.स. ११२ च्या आसपास बिथुनियाचा रोमन सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्राजनला पत्र पाठवून ख्रिस्ती लोकांचं काय करायचं असं विचारलं. चौकशीत, छळ करूनही, त्याला काय सापडलं? हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात, आणि शपथ घेतात. कशाची? चोरी करणार नाही, लुटणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, विश्वासाने ठेवायला दिलेली रक्कम मागितल्यावर नाकारणार नाही. पहाटे देवाची स्तुती, आणि लगेच ठेवीची परतफेड. त्यांच्या लेखी या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. असे लोक मृत्युदंडाला पात्र ठरत होते.

अर्धविराम

मी कॉलेजात आहे. हजेरीपट वगैरे अजून नाही, पण मित्रांचा कट्टा आहे. तिथे "देव मानतो म्हणजे डोकं गहाण ठेवलंय" असं सरळ बोलतात. मी चर्चला जातो हे कळल्यापासून माझं टोपणनावच "पाद्री" पडलंय. चिडवणं सहन होतं. अडतं ते प्रश्नांवर. लहान मुलांना कर्करोग का होतो? विज्ञान आहे तर देव कशाला? मला उत्तरं येत नाहीत आणि मी गप्प बसतो. मग वाटतं, गप्प बसणं म्हणजे नाकारणंच झालं. काय करावं?

जुनाखडू

बाळा, प्रेषितांची कृत्ये ४:१३ काढ. पेत्र आणि योहान यांचं धैर्य बघून अधिकाऱ्यांना आश्चर्य वाटलं, कारण ही माणसं अशिक्षित, साधी होती. त्यांनी ओळखलं ते एवढंच, की हे येशूबरोबर होते. सगळी उत्तरं पाठ असणं ही अट कधीच नव्हती. "मला माहीत नाही, पण मला हा प्रश्न टाळायचा नाही, मी वाचतो आणि पुन्हा बोलू" हे म्हणणं म्हणजे नाकारणं मुळीच नव्हे. कर्करोगाच्या प्रश्नाला तर घाईने उत्तर देऊच नकोस. दुःखात असलेल्या ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस गप्प बसले तोवर ठीक होते, बोलायला लागले तेव्हा बिघडलं.

अन्वय

अर्धविराम, मी संशोधन क्षेत्रात आहे. "डोकं गहाण" या टोमण्यापुरतं सांगतो. मटारांवर प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम मांडणारा ग्रेगर मेंडेल मठवासी होता, त्याचा निबंध १८६६ मध्ये छापला गेला. विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ मध्ये मांडणारा आणि १९३१ मध्ये आद्य अणूची (विश्वाची सुरुवात एका अतिघन कणापासून झाली ही) कल्पना पुढे आणणारा जॉर्ज लमेत्र हा कॅथलिक धर्मगुरू होता. या नावांनी देव सिद्ध होत नाही, तसा दावा करूही नकोस. "विश्वास ठेवणारा विचार करू शकत नाही" एवढंच त्यांनी खोटं ठरतं.

आणि लमेत्रचीच आणखी एक गोष्ट तुझ्या उपयोगाची. त्याच्या सिद्धांताला कुणी उत्पत्तीच्या पुस्तकाचा पुरावा म्हणून वापरावं हे त्याला स्वतःला आवडत नव्हतं. विज्ञान विज्ञानाच्या पद्धतीने तपासा, असं त्याचं म्हणणं. विश्वास पक्का असेल तर पुरावे ओढून ताणून आणावे लागत नाहीत.

मेणवात

मी कॅथलिक. इथे एक बाजू राहिली आहे ती मांडते. आपण धीटपणा म्हणताना समोर नेहमी "बाहेरचे" धरतो. पुष्कळदा तो आपल्याच लोकांपुढे लागतो.

फ्रान्झ येगरश्टेटर हा ऑस्ट्रियातला शेतकरी. बायको, लहान मुली. हिटलरच्या सैन्यात लढायला त्याने विवेकाला स्मरून नकार दिला. गावच्या धर्मगुरूंनी, बिशपांनीही त्याला समजावलं की घरच्यांचा विचार कर. ही सगळी त्याची माणसं होती, त्याच्या भल्यासाठीच बोलत होती. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. २००७ मध्ये चर्चने त्याला धन्य घोषित केलं. पौलाने अंत्युखियात पेत्राला तोंडावर विरोध केला (गलती २:११) तोही असाच. आणि आपल्या पंडिता रमाबाई बघा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, स्वकीयांचा रोष ओढवून घेतला, आणि ज्या सिस्टर्सनी आसरा दिला त्यांनाही धर्ममतांविषयी निर्भीडपणे प्रश्न विचारत राहिल्या. समोर कोण आहे हे बघून बाईंचा कणा वाकला नाही.

आमच्या एका सभेत पतीने सोडलेल्या बाईला वाचन करू द्यायचं नाही अशी कुजबुज चालली होती. मी उभी राहून म्हटलं, "तिच्याबद्दल काय आक्षेप आहे ते तिच्या समोर सांगा, नाहीतर वाचू द्या." कुणी सांगितलं नाही. पुढच्या रविवारी तिने वाचलं. काही बायका माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत.

उंबरठा

पहिल्यांदाच लिहिते आहे.

माझ्या घरात विश्वास ठेवणारी मी एकटी. घरी कुणालाच सांगितलेलं नाही. रात्री सगळे झोपल्यावर फोनवर वचन वाचते. घरात पूजा असते तेव्हा मी स्वयंपाकघर सांभाळते, म्हणजे समोर बसावं लागत नाही. सांगितलं तर काय होईल याची मला नीट कल्पना आहे. दीपस्तंभ यांनी लिहिलंय की पहिल्याच आठवड्यात सांगून टाकतो. ते वाचून रडू आलं. मी भित्री आहे का? मी प्रभूला नाकारते आहे का?

शुभ्रकिनार

उंबरठा, आधी जवळ घेते तुला.

तू रात्री वाचतेस. कुणीही बघत नसताना, कौतुक करायला कुणी नसताना. त्याला भित्रेपणा कोण म्हणेल?

काही व्यवहाराच्या गोष्टी. तुझ्या विश्वासाबद्दल माहीत असलेली किमान एक-दोन प्रौढ, विश्वासू माणसं हवीत, शक्यतो बायका. घरातून निघावं लागलं तर कुठे जाशील हे आधी ठरलेलं असू दे. तुझी कागदपत्रं आणि थोडे पैसे हाताशी ठेव. आणि "आत्ताच सांग" असं बाहेरून दडपण आणणाऱ्याचं ऐकू नकोस. परिणाम त्याला भोगायचे नसतात.

जुनाखडू

उंबरठाताई, अरामचा सेनापती नामान आठवा (२ राजे ५). कोडातून बरा झाल्यावर तो अलीशा संदेष्ट्याला म्हणतो, यापुढे मी परमेश्वराशिवाय दुसऱ्या कुणाला अर्पण करणार नाही, पण माझा धनी रिम्मोन देवाच्या मंदिरात माझ्या हाताचा आधार घेऊन वाकेल तेव्हा मलाही वाकावं लागेल, त्याची क्षमा असावी. अलीशा त्याला व्याख्यान देत नाही. "शांतीने जा" म्हणतो. ओबद्या अहाब राजाच्या वाड्यात चाकरीला राहून शंभर संदेष्ट्यांना पन्नास-पन्नास करून गुहांत लपवतो आणि अन्नपाणी पुरवतो. एस्तेर राणी आपलं यहूदी कुळ सांगत नाही, आणि वेळ येते तेव्हा जिवावर उदार होऊन सांगते. अरिमथाईकर योसेफ भीतीमुळे गुप्त शिष्य होता असं योहान सरळ लिहितो. पण एरवी उघडपणे वावरणारे बारा जण पांगले तेव्हा पिलाताकडे धीर करून येशूचा देह मागायला गेला तो हाच. शास्त्राला तुमच्यासारखी माणसं ठाऊक आहेत.

दीपस्तंभ

उंबरठाताई, मी तुम्हाला भित्री म्हणणार नाही, आणि माझा आठवड्याचा नियम माझ्यासारख्या ख्रिस्ती घरात वाढलेल्या माणसाचा आहे. त्यात माझं जातं काय? तुमचं सगळं पणाला आहे.

सरांशी मात्र एका ठिकाणी माझं जमत नाही. नामानाला शांतीने जा म्हटलं, पण नामान परत जाताना आपल्याबरोबर दोन खेचरांचं ओझं होईल एवढी माती घेऊन गेला आणि सगळ्या चाकरांदेखत बोलला. तो लपत नव्हता. योसेफही शेवटी उघड झाला, एस्तेरही. या सगळ्या गोष्टी कुठेतरी निघालेल्या माणसांच्या आहेत. मत्तय १०:३२ मध्ये माणसांसमोर मला पत्करणारा असं प्रभू म्हणतो ते आपण पुसू शकत नाही. ताई, वेळ प्रभू दाखवेल, घाई करू नका. पण ती वेळ येईल अशा आशेने राहा.

जुनाखडू

दीपस्तंभ, मातीचा मुद्दा मान्य. आणि बारा जण म्हणताना योहान वधस्तंभापाशी होता हेही कुणी बोलण्याआधी मीच नोंदवतो.

केशरमाती

रविवारच्या पाळीबद्दल कुणी लिहील असं वाटलं होतं. धावपटू एरिक लिडेलचं उदाहरण नेहमी देतात, १९२४ ची पॅरिस ऑलिंपिक, १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी म्हणून धावला नाही आणि ४०० मीटर ४७.६ सेकंदांत जिंकला. पण त्याला वेळापत्रक काही महिने आधीच कळलं होतं. त्याने तेव्हाच नकार कळवला आणि मग ४०० ची तयारी केली. ऐन वेळी कुणालाही अडचणीत टाकलं नाही. मी हेच करतो. नोकरीच्या मुलाखतीतच सांगतो, आणि इतरांच्या सणांच्या दिवशी त्यांच्या पाळ्या मी घेतो. बहुतेक ठिकाणी जमलं. एका ठिकाणी जमलं नाही, ती नोकरी मिळाली नाही.

लिडेलचं सुवर्णपदक सगळ्यांना आठवतं. मला तो १९४५ चा आठवतो. चीनमध्ये वेइशियनच्या जपानी नजरकैदेच्या छावणीत मुलांना शिकवणारा, त्यांचे खेळ घेणारा, म्हाताऱ्यांची कामं करणारा. तिथेच तो वारला. टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं.

पहाटपाखरू

सगळ्यांचे मनापासून आभार. रोज परत येऊन वाचत होते.

जेवणाच्या टेबलाबद्दल सांगते. परवा चर्चा सुरू झाली तेव्हा मी म्हटलं, "ती इथे नाही. ती असताना बोलूया का?" अंगाला कंप सुटला होता. क्षणभर सगळ्या गप्प. मग एकीने विचारलं, "हे चर्चमध्ये शिकवतात का?" मी म्हटलं, "हो. आणि मला ते खरं वाटतं." ज्या मैत्रिणीने विषय काढला होता ती दुसऱ्या दिवसापासून वेगळ्या टेबलावर बसते. मला त्याचं दुःख आहे. ती मला हवी आहे. उद्या तिच्याकडे जाऊन बसणार आहे, तिने उठून जाऊ नये एवढी प्रार्थना करा.

दीपस्तंभ आणि शुभ्रकिनार, तुम्हा दोघांत कोण बरोबर हे मी ठरवू शकले नाही. पण प्रेषितांची कृत्ये ४ पुन्हा वाचताना एक दिसलं. धमक्या मिळाल्यावर त्या लोकांनी संकट टळू दे असं मागितलं नाही, बोलायला धैर्य दे असं मागितलं. पौलही इफिसकरांना तुरुंगातून लिहितो की मी धैर्याने बोलावं म्हणून प्रार्थना करा. पौलालासुद्धा ते मागावं लागत होतं, तर मला मागायला संकोच कशाला?

अर्धविराम

कट्ट्यावर "मला माहीत नाही, वाचतो" म्हणून बघितलं. एक जण म्हणाला, "वाचलंस की मलाही सांग." टोपणनाव तेच आहे.

उंबरठा

मोठ्या बहिणीला सांगितलं. ती रागावली, मग बराच वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली की आईला एवढ्यात सांगू नकोस, मी बघते. प्रार्थनेत ठेवा. शुभ्रकिनारताई, तुम्हाला व्यक्तिगत संदेश केला आहे.

शुभ्रकिनार

वाचला गं. रात्री फोन करते.

मुक्तछंद

माझ्या प्रश्नाला इथे चुकवलं गेलं नाही, त्याबद्दल आभार. मला धर्म बदलायचा नाही, पण येशूबद्दल इतरांकडून ऐकण्यापेक्षा स्वतः वाचावं असं वाटतंय. चार शुभवर्तमानं आहेत ना? कुठलं आधी वाचू?

दीपस्तंभ

मार्क. सोळाच अध्याय आहेत, एका बैठकीत होतं.

शुभ्रकिनार

लूक वाचा. परुश्याच्या घरी रडत आलेली बाई, उधळा पुत्र, जखई, वधस्तंभावरचा अपराधी, सगळे तिथेच भेटतात.

जुनाखडू

मार्क आधी, लूक नंतर. आणि अडेल तिथे इथे विचारा, मी रोज संध्याकाळी असतो.